स्पॅनिश शिकवणाऱ्या शिक्षकांना खुलं पत्र: 'त्यांचं रक्तच गरम' असं वर्गात सांगू नका

पुण्या-मुंबईत, नागपुरात आणि ऑनलाइन वर्गांतून स्पॅनिश शिकवणाऱ्या सर्व शिक्षकांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या अभ्यासक्रमातल्या एका तासाबद्दल आहे. क्रियापदांची रूपं, सबजंक्टिव्ह, स्पेनमधले आणि लॅटिन अमेरिकेतले उच्चारभेद हे सगळं तुम्ही किती जीव ओतून शिकवता ते मी जवळून पाहिलं आहे. आज भाषांतरावर माझं घर चालतं ते तुमच्यासारख्याच शिक्षकांमुळे. पण बी-वन म्हणजे मधल्या पातळीच्या आसपास 'संस्कृती' म्हणून जो तास होतो आणि त्यात 'माचिस्मो', म्हणजे पुरुषी वर्चस्वाची वृत्ती, येते, तिथे काहीतरी फार बिघडलं आहे. मी शिकत होते तेव्हाही तसंच होतं. हल्ली ज्या नव्या मुलामुलींबरोबर काम करते त्यांच्या बोलण्यावरून ते फारसं बदललेलं दिसत नाही.

तो तास साधारण असा असतो. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतला पुरुष म्हणजे तापट, संशयी, बायकोला धाकात ठेवणारा, डोळ्यांतून टिपूस न काढणारा. मग थोडं आईवरच्या भक्तीबद्दल, थोडं बैलझुंजीबद्दल. शेवटी कुणीतरी म्हणतं, 'लॅटिन रक्तच गरम.' मुलं माना डोलावतात, कारण ओटीटीवर त्यांनी मिशाळ ड्रगमाफिया पाहिलेले असतात. तास संपतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की तिथला पुरुषीपणा रक्तातून आलेला नाही. तो कायद्याने, चर्चने, लष्कराने, सिनेमाने घडवला. कधी घडवला याच्या तारखा आहेत, कुणी घडवला त्यांची नावं आहेत. तो मोडायची खटपटही त्याच समाजांतून झाली आणि तिच्याही तारखा आहेत. हे सगळं वगळून शिकवलेला माचिस्मो म्हणजे एका अख्ख्या जनसमूहावर जन्माचा शिक्का मारणं. जन्माचा शिक्का माणसाचं काय करतो हे महाराष्ट्रातल्या वर्गात कुणाला वेगळं समजावून सांगावं लागू नये.

सुरुवात स्पेनपासून करा. तिथल्या जुन्या दंडसंहितेत एक कलम होतं. बायकोला परपुरुषासोबत पकडून नवऱ्याने तिला जागच्या जागी ठार केलं, तर त्याला शिक्षा फक्त हद्दपारीची. घरातल्या तरुण मुलीच्या बाबतीत बापालाही तीच सवलत. दुसऱ्या प्रजासत्ताकाने 1932 मध्ये हे कलम काढून टाकलं. हुकूमशहा फ्रांकोच्या राजवटीने 1944 मध्ये ते परत घातलं आणि 1963 पर्यंत ठेवलं. मुलांसमोर या तीन तारखा फळ्यावर लिहा आणि विचारा की या काळात स्पॅनिश माणसाचं रक्त किती वेळा बदललं. बदलत होती ती सत्ता. बायकोच्या चारित्र्यात नवऱ्याची अब्रू असते, हे तिथे सरकारने छापून दिलं होतं. लग्न झालेल्या बाईला नोकरी धरायची तर नवऱ्याची परवानगी, बँकेत खातं उघडायचं तर नवऱ्याची परवानगी. ही अट गेली मे 1975 मध्ये, फ्रांकोच्या मृत्यूच्या जेमतेम सहा महिने आधी. त्या कायद्याखाली संसार मांडलेली जोडपी आज तिथे आजी-आजोबा आहेत.

त्याच पिढीतली एक बाई, ग्रानादाजवळची आना ओरान्तेस, डिसेंबर 1997 मध्ये आंदालुसियाच्या दूरदर्शनवर आली आणि चाळीस वर्षं खाल्लेल्या माराबद्दल शांतपणे बोलली. घटस्फोट झाला होता, पण न्यायालयाने घराची वाटणी अशी केली होती की नवरा खालच्या मजल्यावर आणि ती वरच्या. कार्यक्रमानंतर दोन आठवड्यांच्या आत त्याने तिला जाळून मारलं. तिच्या मृत्यूने देश हादरला. त्यानंतरच्या वर्षांत उठलेल्या आवाजातून डिसेंबर 2004 चा लिंगाधारित हिंसेविरुद्धचा सर्वंकष कायदा आला. जोडीदाराने किंवा माजी जोडीदाराने मारलेल्या स्त्रियांची अधिकृत मोजणी स्पेनमध्ये 2003 पासून होते, आणि तो आकडा केव्हाच 1200 च्या पुढे गेला आहे. मोजायला लागणं हीच मोठी गोष्ट होती. त्याआधी हे मृत्यू वर्तमानपत्रांत 'प्रेमप्रकरणातून खून' म्हणून छापले जायचे.

मेक्सिकोबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण आपल्या वर्गांत 'माचो' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो तिथलाच माणूस. रुंद काठाची टोपी, घोडा, पिस्तूल, हातात तेकिला. हा चार्रो देशाच्या कानाकोपऱ्यात पोचवला सिनेमाने. 1910 ते 1920 च्या क्रांतीत देश होरपळून निघाला होता. वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या आणि एकमेकांशी लढलेल्या प्रांतांना आपला म्हणता येईल असा एक चेहरा हवा होता. 1930 च्या दशकापासून मेक्सिकन सिनेमाचा सुवर्णकाळ सुरू झाला आणि होर्हे नेग्रेते, पेद्रो इन्फान्ते हे गाणारे घोडेस्वार घराघरांत शिरले. एक गोष्ट इथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास जमीनदारांच्या जमिनी काढून शेतकऱ्यांना वाटत होते, त्याच वर्षांत पडद्यावर जमीनदारीच्या जगातला रुबाबदार पुरुष गात होता. जमिनीवर जे मोडत होतं ते चित्रपटगृहात शाबूत ठेवलं जात होतं, आणि त्याला 'अस्सल मेक्सिकन' हे नाव मिळत होतं.

मग त्याच्या आधीचा पुरुष कसा होता? टेक्सासच्या सीमेवर ब्राउन्सव्हिलमध्ये जन्मलेले लोकसाहित्याचे अभ्यासक अमेरिको पारेदेस यांनी 1960 च्या दशकात हाच प्रश्न कोरिदोंना विचारला. कोरिदो म्हणजे आपल्या पोवाड्याच्या जातीची गोष्टरूप लोकगीतं. त्यांना दिसलं की जुन्या कोरिदोंतला नायक शूर असतो, लढतो, मरतो, पण आपल्या मर्दपणाची जी फुशारकी आज 'मेक्सिकन स्वभाव' म्हणून सांगितली जाते ती तिथे जवळजवळ नाहीच. ती ठळक होते 1940 च्या दशकापासून. शिवाय घोडा, पिस्तूल आणि बढाई हे सगळं अमेरिकन काउबॉयकडेही आहे, हे पारेदेस यांनी दाखवून दिलं. काउबॉयच्या बाबतीत मात्र 'अँग्लो रक्त' असं कुणी म्हणत नाही.

ऑक्टाव्हियो पाझ आपल्याला जवळचे वाटतात, कारण 1962 ते 1968 ते दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते. त्यांनी 1950 मध्ये मेक्सिकन मनाची जी चिकित्सा मांडली ती तुमच्यापैकी बरेच जण वर्गात वापरतात. स्पॅनिश विजेत्याने केलेल्या अत्याचारातून जन्मलेला, मुखवट्याआड राहणारा पुरुष. लेखन विलक्षण आहे, ते जरूर वाचून घ्या. पण ते एका कवीने पाहिलेलं चित्र आहे; त्यावरून आजच्या मेक्सिको सिटीतल्या बसचालकाची परीक्षा करू नका.

त्या बसचालकाबद्दल वाचायचं असेल तर मॅथ्यू गटमन यांचं काम बघा. या मानववंशशास्त्रज्ञाने मेक्सिको सिटीत एका तरुणाचा फोटो काढला होता. तो वाद्यांच्या दुकानात उभा होता आणि त्याच्या हातात तान्हं बाळ होतं. अमेरिकेतल्या ओळखीच्या लोकांनी फोटो पाहून म्हटलं, मेक्सिकन पुरुष तर माचो असतात, ते बाळांना घेत नाहीत! गटमन 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सांतो दोमिंगो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत जाऊन राहिले. 1971 मध्ये हजारो कुटुंबांनी ज्वालामुखीच्या खडकाळ जमिनीवर ताबा घेऊन ही वस्ती उभी केली होती. पाणी, वीज, रस्ते यांसाठीच्या लढ्यात बायका पुढे होत्या. त्या मोर्चाला जायच्या, नंतर पगारी कामालाही जायला लागल्या. मग घरी पोरांना कोण बघणार? नवऱ्यांना बघावं लागलं. काहींनी कुरकुर केली, काहींनी मारहाणही केली, पण पुष्कळांनी सवय करून घेतली. वयस्क पुरुष स्वतःला माचो म्हणायचे तेव्हा त्यांना कुटुंबाची जबाबदारी घेणारा कर्ता माणूस अभिप्रेत असायचा. तरुण मात्र म्हणायचे, मी तसला नाही, बायकोला मारणारा तो माचो. एकाच गल्लीत दोन पिढ्यांची दोन उत्तरं. 'मेक्सिकन पुरुष असा असतो' हे वाक्य त्या गल्लीत तरी टिकत नाही.

आणि पुरुष रडत नाहीत हे तर सपशेल खोटं आहे. मेक्सिकोतला पुरुष धाय मोकलून रडतो आणि तेही चारचौघांत, मारियाची वाद्यवृंदाच्या साथीवर. रांचेरा गाण्यांचा निम्मा संसार सोडून गेलेल्या बाईवर आणि रिकाम्या ग्लासावर उभा आहे. पण त्या रडण्याला जागा ठरलेली आहे, आणि ती कान्तिना, म्हणजे तिथला दारूचा गुत्ता. कान्तिनाच्या दारावर पाटी असायची: बायका, अल्पवयीन आणि गणवेशधारी यांना प्रवेश नाही. बायकांवरची ही बंदी मेक्सिको सिटीत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला उठली. म्हणजे जिच्यासाठी रडायचं तिला दाराबाहेर ठेवून रडायचं. भावना आवरायला शिकवलं जातं असं आपण सांगतो. खरं तर ती कुठे, कुणासमोर आणि कितव्या पेल्यानंतर दाखवायची ते शिकवलं जातं. घरी बायकोसमोर 'मला भीती वाटते' म्हणायला मात्र शब्द सापडत नाहीत. हा फरक मुलांना दाखवा. त्यांना स्वतःच्या घरातलंही बरंच काही त्यात दिसेल.

या बंद दारातून आत शिरलेली एक बाई होती. चावेला वार्गास. जन्म कोस्टा रिकातला, 1919 चा. पॅन्ट आणि पोंचो घालून, तेकिला पिऊन ती पुरुषांनी बाईसाठी लिहिलेली रांचेरा गाणी गायची, आणि गाताना शब्द बदलायची नाही. बाईच बाईला आळवते आहे हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळत असे. आणि दुसऱ्या टोकाला हुआन गाब्रिएल. सिउदाद हुआरेसच्या अनाथाश्रमात वाढलेला हा मुलगा चमचमत्या कपड्यांत, लचकत-मुरडत गायचा आणि मिशीला पीळ देणारे बाप्ये त्याच्या गाण्यावर डोळे पुसायचे. 1990 मध्ये तो मेक्सिको सिटीतल्या पालासिओ दे बेयास आर्तेस या प्रतिष्ठेच्या कलामंदिरात गायला तेव्हा अभिजनांनी नाकं मुरडली. 2002 मध्ये एका मुलाखतकाराने त्याला तो समलिंगी आहे का असं थेट विचारलं. तो म्हणाला, जे दिसतं ते विचारायचं नसतं, बाळा. ऑगस्ट 2016 मध्ये तो गेला आणि त्याच बेयास आर्तेसबाहेर त्याच्या अस्थींच्या दर्शनासाठी रांगा लागल्या. जगभर ज्याला माचोंचा देश म्हणतात त्या देशाने आपल्या सगळ्या दुःखांसाठी या माणसाचा आवाज निवडला होता. हे प्रेम स्वीकाराचं होतं असं मी म्हणणार नाही. रंगमंचावर त्याला डोक्यावर घेणारा बाप घरातल्या तशाच मुलाला घराबाहेरही काढू शकत होता. या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत, आणि वर्गात त्या एकत्रच यायला हव्यात. दक्षिणेकडे ओआहाकामधल्या हुचितानला सापोतेक लोकांत मुशे असतात: पुरुष म्हणून जन्मलेल्या, पण स्त्रीच्या वेशात किंवा स्त्रीच्या कामांत रमणाऱ्या व्यक्ती. तिथल्या उत्सवांत आणि भरतकामात त्यांचं स्थान आहे, पुष्कळ घरांत म्हाताऱ्या आईबापांना त्याच सांभाळतात.

हे सगळं सांगताना हिंसा लपवायची नाही. मेक्सिकोत दररोज सरासरी दहा स्त्रियांचा खून होतो. खून होणाऱ्या दर दहा माणसांपैकी जवळजवळ नऊ जण पुरुष असतात, बहुतेक तरुण, आणि त्यांना मारणारेही बहुतांशी पुरुषच. 'गरम रक्त' हे स्पष्टीकरण या प्रत्येक खुन्याच्या सोयीचं आहे. स्वभाव म्हटलं की गुन्हा उरत नाही, पोलिसांनी न केलेला तपास उरत नाही, न चाललेला खटला उरत नाही. सिउदाद हुआरेसमध्ये 1993 पासून मुलींचे मृतदेह सापडत राहिले. आयांनी वर्षानुवर्षं उंबरठे झिजवले. नोव्हेंबर 2009 मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने मेक्सिकोच्या सरकारला जबाबदार धरलं. त्या निकालात दोष ठेवला आहे तो तपासातल्या दिरंगाईवर आणि बेपत्ता मुलींबद्दल अधिकाऱ्यांच्या मनात असलेल्या पूर्वग्रहांवर.

क्यूबाचं उदाहरण मला सगळ्यांत अवघड वाटतं, म्हणून तेही घ्यावं असं सुचवते. क्रांतीने 'नवा माणूस' घडवायचं ठरवलं. 1965 ते 1968 या काळात समलिंगी पुरुषांना, धार्मिक लोकांना आणि इतर 'नकोशां'ना ऊस आणि शेतीच्या सक्तीच्या श्रमछावण्यांत धाडलं गेलं. श्रमाने त्यांना पुरुष करायचं होतं. 2010 मध्ये एका मेक्सिकन वर्तमानपत्राला दिलेल्या मुलाखतीत फिदेल कास्त्रोंनी समलिंगी लोकांच्या छळाची जबाबदारी आपली असल्याचं मान्य केलं. त्याच क्रांतीने 1975 मध्ये कुटुंबसंहिता आणली. घरकाम आणि मुलांचं संगोपन ही दोघांची जबाबदारी आहे असं तिच्यात लिहिलेलं होतं आणि लग्न लावताना ती कलमं वधूवरांना वाचून दाखवली जात. कायदा वाचून नवरे भांडी घासायला लागले का? फारसे नाही. बायका कारखान्यात आठ तास आणि घरी पुन्हा तितकंच राबत राहिल्या. पण बायकोला भांडताना बोट ठेवायला कलम मिळालं. सप्टेंबर 2022 मध्ये नवी संहिता जनमताने मंजूर झाली, सुमारे दोन-तृतीयांश मतांनी, आणि समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली. छावणी ते जनमत हा प्रवास साठ वर्षांपेक्षा कमी काळात एकाच बेटावर झाला.

रुबियालेस प्रकरण तर मुलांना आधीच माहीत असतं, त्यांना फुटबॉल आवडतो. 20 ऑगस्ट 2023 ला सिडनीत स्पेनच्या मुलींनी विश्वचषक जिंकला आणि स्पॅनिश फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष लुईस रुबियालेस याने हेन्नी एर्मोसो या खेळाडूचं डोकं धरून तिच्या ओठांचं चुंबन घेतलं. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला आहे. तुम्ही मुलांना पाच दिवसांनंतरची सभा दाखवा. तिथे तो पाच वेळा म्हणतो, राजीनामा देणार नाही. समोर बसलेली माणसं टाळ्या वाजवतात, त्यांत राष्ट्रीय संघांचे प्रशिक्षकही आहेत. पुरुषीपणा एका माणसात मावत नाही, तो त्या टाळ्यांत असतो. आणि लगोलग खेळाडूंनी जाहीर केलं की हे नेतृत्व असेपर्यंत खेळणार नाही. सप्टेंबरमध्ये तो गेला. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयाने त्याला लैंगिक आक्रमणाबद्दल दोषी ठरवून 10,800 युरो दंड केला. ज्या देशात पन्नास वर्षांपूर्वी नोकरीला नवऱ्याची सही लागायची, त्या देशात हे घडलं. त्याच देशात 2007 मध्ये बापाला बाळंतपणाची 13 दिवसांची रजा होती. 2021 मध्ये ती आईइतकीच, 16 आठवडे झाली आणि 2025 मध्ये आणखी वाढली; पूर्ण पगारी, आणि ती दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. ही शेवटची अट फार महत्त्वाची. नाही तर सगळी रजा आईच्याच वाट्याला गेली असती.

आता माझी विनंती. हे सगळं एका तासात बसणार नाही, मला माहीत आहे. तुम्ही एकच करा: स्वभावाची यादी काढून टाका आणि तिच्या जागी एखादा खरा मजकूर वाचायला द्या. कोस्टा रिकाचा 2001 चा जबाबदार पितृत्वाचा कायदा बी-वनच्या मुलांना सहज झेपेल. अविवाहित आई बाळाच्या बापाचं नाव सांगते, नोंदणी कार्यालय त्याला बोलावतं, तो नाकारत असेल तर सरकारी खर्चाने डीएनए चाचणी, आणि तो चाचणीला आलाच नाही तर त्याचं नाव बाप म्हणून लागतं. आज्ञार्थ, भविष्यकाळ, अटींची वाक्यरचना, सगळं व्याकरण त्यात आहे.

किंवा कोलंबियाची राजधानी बोगोता घ्या. 9 मार्च 2001 ला महापौर आन्तानास मोकुस यांनी शहरातल्या पुरुषांना त्या रात्री घरी थांबायची विनंती केली होती, जेणेकरून बायका रस्त्यावर मोकळेपणी फिरतील. बंदोबस्तालाही महिला पोलीस होत्या. त्याच शहराने डिसेंबर 2020 मध्ये पुरुषांसाठी 'लिनेआ काल्मा' ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली. संशयाने पेटलेला, बायको सोडून गेल्यामुळे सैरभैर झालेला, हात उगारण्याच्या बेतात असलेला पुरुष फोन करतो आणि पलीकडे मानसशास्त्रज्ञ असतात. पुढे पुरुषांना लंगोट बदलायला, मुलीची वेणी घालायला, आजाऱ्याची शुश्रूषा करायला शिकवणारी शाळाही शहरानेच काढली. रोल-प्लेसाठी यापेक्षा चांगला प्रसंग कुठला? एक जण फोन करतो, दुसरी उत्तर देते. आजवर वर्गात आपण संशयी नवरा आणि रडणारी बायको यांचा रोल-प्ले करून हसत आलो, तो कृपया बंद करा. वर्गात मार खाणाऱ्या घरातून आलेली मुलगी असू शकते, आणि त्या घरातून आलेला मुलगाही.

परीक्षेतला प्रश्नही बदलता येईल. 'माचिस्मोची वैशिष्ट्यं लिहा' याऐवजी एखादा देश, एखादं दशक द्या आणि विचारा: या काळात चांगला पुरुष कुणाला म्हणत, ते कोण ठरवत होतं, आणि त्याविरुद्ध कोण बोललं? उत्तर स्पॅनिशमध्ये द्यायचं. शब्दसंपदा आपोआप वाढेल.

वर उल्लेख केलेल्या क्यूबाच्या आणि कोस्टा रिकाच्या कायद्यांतली निवडक कलमं मी सोप्या टिपांसह मराठीत करून ठेवली आहेत. ज्यांना पुढच्या तुकडीसाठी हवी असतील त्यांना ती विनामूल्य देईन, आणि बोलावलंत तर वर्गात येऊन एखादा तास घ्यायलाही तयार आहे.

आपली नम्र,
एक माजी विद्यार्थिनी आणि भाषांतरकार